एक नंबरची तार

३ फेब्रुवारी

ही डायरी वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या कंपनीने ह्यांच्या नावाने पाठवली. प्रत्येक पानाच्या तळाशी छापलंय, 'वर्षातून एकदा काटा तपासून घ्या.' हे गेले नोव्हेंबरात आणि डायरी आली जानेवारीत, वर नवीन वर्षाच्या शुभेच्छा. टाकून द्यायचं जिवावर आलं म्हणून लिहायला घेतली.

आज भाऊजी आले होते. भंगाराची वखार दोघा भावांच्या नावावर आहे, त्यामुळे त्यांचं म्हणणं ऐकून घ्यावंच लागतं. म्हणाले, "वहिनी, तीन महिने फाटकाला कुलूप आहे. गिऱ्हाईक चालून आलंय, विकून मोकळे होऊ. तुम्ही आमच्याकडे या, मागची खोली तुमचीच." माणूस वाईट नाही. पण मी नाही म्हटलं. "मग चालवणार कोण?" मी म्हटलं, "मी." त्यांनी कप खाली ठेवला आणि मी विमान चालवते म्हटल्यासारखे माझ्याकडे बघत राहिले.

बऱ्याच घासाघिशीनंतर ठरलं ते असं. मेअखेरपर्यंत एक नंबरच्या तांब्याच्या तीन खेपा भट्टीकडे जायला हव्यात. तिन्ही पास झाल्या तर वखार माझ्याकडे. एक जरी परत आली किंवा राहिली, तर विक्री.

खरं कारण मी त्यांना सांगितलं नाही. पोरगा घर सोडून गेला त्याला पाच वर्षं झाली. त्यानंतर आमचा फोन नंबर बदलला. त्याचा पत्ता आम्हाला माहीत नाही. त्याला माझा एकच पत्ता माहीत आहे, हे हिरवं फाटक आणि त्यावरच्या दोन खोल्या. तो एखाद्या दिवशी आला आणि फाटकाला भलत्याच माणसाचं कुलूप दिसलं, तर तो कुणाला विचारणार? तो विचारणाऱ्यातला नाही. आल्या पावली परत जाईल.

६ फेब्रुवारी

वखार उघडली. आत उंदीर, धूळ आणि तांबं. तीस वर्षं या ढिगांच्या डोक्यावर संसार केला, पण हे ढीग वेगवेगळे का आहेत हे कधी विचारलं नाही. कुणी काही विचारलं की "वखारीतलं मला काय कळतं" हे माझं ठरलेलं उत्तर. अभिमानाने द्यायचे मी ते.

मावशी आल्या. वीस वर्षं इथे माल निवडतात. हे त्यांना 'लॅबोरेटरी' म्हणायचे. मावशींनी मला पाटावर बसवलं आणि पुढ्यात चार तारा ठेवल्या. "बाई, यातली एक नंबरची कुठली?" मी सगळ्यात चकचकीत होती ती उचलली, चांदीसारखी. मावशी हसल्या. ती कथिलाचा मुलामा दिलेली निघाली. भट्टीत कथील गेलं की तांबं नासतं, म्हणून तिचा ढीग वेगळा.

एक नंबर म्हणजे उघडी, जाड, लखलखीत तार. वर काही लावलेलं नको, जळलेली नको, सोल्डरिंगचा डाख नको. मोटारीतली वार्निशची तार दोन नंबर. डाख लागलेली नळी दोन नंबर. तांब्याच्या रंगाची आणि हाताला हलकी लागली तर पकडीने तोडून बघायची. आत पांढरं दिसलं तर ॲल्युमिनियम, वरून नुसतं तांब्याचं सोंग. मी म्हटलं, नात्यातली चार माणसं डोळ्यांपुढे आली. मावशी म्हणाल्या, "माणसं तोडून बघता येत नाहीत बाई, म्हणून तांबं बरं."

१४ फेब्रुवारी

आज हुशारी केली. वायर सोलायला फार वेळ लागतो, बोटं सोलून निघतात ती वेगळीच. मावशी जेवायला गेल्यावर मागच्या बाजूला एक ढीग पेटवून दिला. प्लास्टिक जळालं, तार मोकळी झाली, अर्ध्या दिवसाचं काम दहा मिनिटांत. धुराने डोळ्यांतून पाणी येत होतं तरी मी खूश.

मावशी आल्या, काळी पडलेली तार हातात घेतली आणि अंगठ्याने काजळी पुसून पाहिली. मग म्हणाल्या, "एक नंबर होती. आता दोन नंबर झाली. सोलायला वेळ लागतो त्याचीच किंमत असते बाई." शिवाय असं जाळायला बंदी आहे, हेही नंतर कळलं. शेजारच्या प्रेसवाल्याने भिंतीवरून डोकं काढून दोन शब्द सुनावले. मी तोंड वर न करता ऐकून घेतलं.

२ मार्च

आज एक टेम्पोवाला आला. किडकिडीत, खिशात कंगवा. दोन पोती उतरवली आणि म्हणाला, "काकू, माल बघून घ्या." मी बघितला आणि बघतच राहिले. शंभर टक्के एक नंबर, चाकूने सोललेली, एक काळा डाग नाही. प्रत्येक वेटोळं वीतभर आणि तारेचं टोक दोनदा आत खोवलेलं. भंगाराला एवढं नटवतं कोण?

मी विचारलं, पाठवणारा कोण. म्हणाला, "आहे एक नवीन व्यापारी. नाव सांगू नको म्हणालाय. पैसे नंतर बघू म्हणाला." मी ठणकावलं की नंतर वगैरे आपल्याला चालत नाही, आणि रोख त्याच्या हातात ठेवले. मोजायच्या ऐवजी हा मला विचारतो, "गुडघा कसा आहे तुमचा?" मी लंगडत असेन, त्याशिवाय याला काय कळणार. मग वर बघून म्हणाला, "ती खिडकी अजून नीट लागत नाही वाटतं." टेम्पोवाला असून इतकी चौकशी. लग्न जमवायचा जोडधंदा असावा.

मावशींनी एक वेटोळं हातात घेतलं, टोकावरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "काय, खोट आहे का?" म्हणाल्या, "नाही बाई. खोट नाही." मग दिवसभर गप्प होत्या. त्यांची दाढ दुखते अधूनमधून.

२० मार्च

पहिली खेप पिंपं भरून गेली आणि पास झाली. भट्टीवाल्याने फोनवर ह्यांच्याच सुरात सांगितलं, "माल स्वच्छ आहे." मी फोन ठेवला आणि कुणाला सांगू असं झालं. वर जाऊन ह्यांच्या फोटोपुढे उभी राहिले. ह्यांना सांगण्यासारखं खूप आहे, ऐकवण्यासारखंही खूप आहे.

पोराच्या खोलीतली गादी उन्हात टाकली. दर महिन्याला टाकते. पाच वर्षांत कुणी निजलेलं नाही त्या गादीवर, तरी टाकते. संध्याकाळी उचलताना ती ऊबदार लागते आणि तेवढ्यापुरतं कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखं वाटतं.

१८ एप्रिल

दुसरी खेपही पास. निम्मा माल त्या टेम्पोवाल्याचा होता, हे कबूल करायला हवं. तो आता दर पंधरा दिवसांनी येतो. परवा विचारत होता, "वखार विकताय असं ऐकलं." मी म्हटलं, "कुणी सांगितलं? मी आहे तोवर हे फाटक उघडं राहील." "का पण काकू? या वयात कशाला एवढी दगदग?" काय झालं कोण जाणे, त्या परक्या माणसाला मी सांगून टाकलं. म्हटलं, माझा पोरगा यायचा आहे. तो खाली मान घालून कंगव्याशी खेळत बसला. पाणीसुद्धा न पिता गेला.

आज त्या दिवसाबद्दल लिहायचं ठरवलंय. पाच वर्षांपूर्वी भट्टीने अख्खी खेप परत पाठवली होती. एक नंबरच्या पोत्यांत जळकी तार निघाली. ह्यांचं नाव बाजारात गेलं. वखारीची किल्ली बापाकडे आणि लेकाकडे, तिसऱ्या कुणाकडे नाही. चांगला माल काढून विकला आणि जळका भरून ठेवला, असा ह्यांनी सरळ हिशेब मांडला. फाटकात उभं राहून, सगळ्या कामगारांदेखत, मोठ्या आवाजात ते म्हणाले, "चोरीचा माल आणि चोर, दोन्ही माझ्या वखारीत नकोत."

मी वर खिडकीत होते. सगळं ऐकलं. पोराने एकदा मान वर करून पाहिलं. मी खाली गेले नाही. ह्यांच्या रागापुढे जायची सवय नव्हती, आणि खरं सांगायचं तर मनात एक शंकाही होती. आईच्या मनात. तो चपला घालून गेला, पिशवीसुद्धा घेतली नाही.

६ मे

पोलिसांचं पत्रक आलंय. विजेच्या खांबांवरच्या, रेल्वेच्या तारा चोरीला जात आहेत, माल घेताना चौकशी करा. वाचलं आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. नाव न सांगणारा व्यापारी. पैशांची घाई नाही. इतकी स्वच्छ तार. दुपारी टेम्पो आला. मावशी आज नव्हत्या, नातीला ताप आहे. मी पोती खाली उतरवूच दिली नाहीत.

तो म्हणाला, "काकू, मी शपथेवर सांगतो, माल घामाचा आहे." मी म्हटलं, "मग नाव सांग." त्याने खिशातला कंगवा काढला. मी म्हटलं, "जाऊन सांग तुझ्या व्यापाऱ्याला. चोरीचा माल माझ्या वखारीत नको." शेजारीपाजारी ऐकत होते, त्यामुळे आवाजाला जरा धारही आली. टेम्पोवाल्याने मागची फळी लावली आणि गाडी वळवली.

तीन महिन्यांत मी किती तयार झाले. हे असते तर म्हणाले असते, शाबास.

९ मे

मावशी आल्या. मी मोठ्या फुशारकीने सगळं सांगितलं. त्यांच्या हातातला चाकू खाली पडला. "काय म्हणालात तुम्ही त्याला? शब्द सांगा." मी शब्द सांगितले.

"बाई, ती गुंडाळी तुम्ही ओळखली नाहीत?"

"कुठली गुंडाळी?"

त्यांनी उजवा अंगठा पुढे केला. त्यावर जुना पांढरा व्रण आहे. "तो बारा वर्षांचा होता. वेटोळ्याचं टोक माझ्या अंगठ्यात घुसलं. तेव्हापासून तो टोक दोनदा आत खोवतो. दुसरं कुणी असं करत नाही, कुणाला वेळ नसतो तेवढा."

मी म्हटलं, "मग मार्चमध्येच का नाही सांगितलंत?"

"मला वाटलं तुम्हाला माहीत आहे आणि बोलायचं नाहीये. या घरात कुणी बोलतच नाही, मी कशी बोलणार?"

गुडघा. खिडकी. वखार विकताय का. देवा, मी त्याच्याच निरोप्याला जोडधंदा चिकटवत होते मनातल्या मनात. दोन महिने माझा पोरगा दर पंधरा दिवसांनी माझ्या दारात येत होता आणि मी त्याचं वजन करून पोचपावती देत होते.

१२ मे

रोज फाटकात बसते. टेम्पो नाही. भाऊजी म्हणाले, "तिसऱ्या खेपेचं बघा, बावीसला भट्टीचा ट्रक येईल. पुढचा थेट जूनमध्ये." त्यांचंही बरोबर आहे.

१५ मे

पिंपं भट्टीकडेच अडकली आहेत, म्हणून यावेळी माल पोत्यांत भरतोय. मावशींनी कपाटातून नाड्यांची जुडी काढली, लाल आणि पांढरे. म्हणाल्या, "लाल एक नंबरला, पांढरा दोन नंबरला. शेटजींची पद्धत. पोतं पुन्हा उघडायला नको, नाडा बघितला की कळतं."

मी विचारलं, कधीपासून. म्हणाल्या, "मी आले तेव्हापासून."

आज एवढंच. लिहवत नाही.

१६ मे

लिहायलाच हवं.

पाच वर्षांपूर्वी माझा भाऊ सहकुटुंब चार दिवस राहायला येणार होता. वहिनीच्या नाकावर माशी बसत नाही, तेव्हा मी घर आरशासारखं केलं. जिन्याखाली, फाटकाच्या आतच, भरून बांधलेली दहा-बारा पोती उभी होती. पोत्यांना काही करता येईना, पण त्यांचे नाडे इतके कळकट होते की पाहवेना. एका दुपारी सगळे सोडले, साबणात घासले, गच्चीत वाळवले. लाल नाड्यांचा रंग जरासुद्धा गेला नाही याचं मला कौतुक वाटलं होतं, हे स्पष्ट आठवतं. आणि मग पुन्हा बांधले, एक लाल, एक पांढरा, एक लाल, एक पांढरा. छान दिसत होतं.

पुढच्या आठवड्यात ह्यांनी पांढऱ्या नाड्याची पोती दोन नंबरच्या भावाने विकली, त्यात चांगली तार गेली. लाल नाड्याची भट्टीकडे पाठवली, त्यात जळकी गेली. चोरी झालीच नव्हती. घरात चोर नव्हता. घरात मी होते.

हे हयात असताना कळलं असतं तर? ते म्हणाले असते का, माझं चुकलं? मला माहीत नाही. ते शेवटच्या आजारात एकदा विचारत होते, "फाटक कुणी वाजवलं का?" कुणीही वाजवलं नव्हतं. मी बघून आले होते, दोनदा.

तो पाच वर्षं एक गोष्ट घेऊन जगतोय जी त्याने केलेली नाही, आणि दहा दिवसांपूर्वी मी ती पुन्हा त्याच्या तोंडावर मारली. त्याच शब्दांत. शब्दसुद्धा दुसरे सुचले नाहीत मला.

२० मे

टेम्पो स्टँडवर जाऊन चार दिवस विचारपूस केली, आज तो सापडला. आधी तोंड फिरवून बसला. म्हणाला, "काकू, तुमचा निरोप सांगितल्यावर तो जेवला नाही दोन दिवस. मी आता मध्ये पडणार नाही." मी त्याच्या गाडीच्या फळीला धरून उभी राहिले. म्हटलं, निरोप नको, मला घेऊन चल. त्याने बराच वेळ माझ्या हातांकडे पाहिलं. नखांत काळं तांबं बसलंय, जात नाही आता. म्हणाला, "चार तासांचा रस्ता आहे. परवा सकाळी रिकामा जातोय. त्यानंतर महिनाभर तिकडची फेरी नाही."

परवा म्हणजे बावीस.

२१ मे

भाऊजींना सांगितलं. ते अक्षरशः डोक्याला हात लावून बसले. त्या परत आलेल्या खेपेनंतर भट्टीने रीत घातली आहे की माल ज्याच्या नावाने जातो त्याच्यासमोर प्रत्येक पोतं उघडायचं, नाहीतर ट्रक रिकामा परत. "वहिनी, पंधरा आठवडे हाडाची काडं केलीत. एक दिवस थांबा. एकच दिवस. तिकडे नंतर माझ्या गाडीने सोडतो." मी म्हटलं, "भाऊजी, 'नंतर' हा शब्द या घराने फार वापरला."

ते म्हणाले, "मग खेप राहिली, वखार गेली. मी शब्द दिलाय गिऱ्हाइकाला." मी किल्ल्यांचा जुडगा त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो उचलायला उशीर केला. जाताना म्हणाले, "पोराला सांगा, काकाने विचारलंय."

संध्याकाळी मावशी माझ्याबरोबर फाटकापर्यंत आल्या. दोघींनी मिळून फाटक ओढलं, एकटीला ओढत नाही ते. पाच वर्षं मला वाटायचं, हे बंद झालं तर सगळं संपेल. कडी घातली आणि वर जाऊन उद्याची पिशवी भरली.

२२ मे

त्याच्या वखारीतल्या बाकावर बसून लिहितेय. पत्र्याची शेड आहे, लहान, पण नीट. ढीग वेगळे, मध्ये चालायला वाट. केबल सोलायचं यंत्र आहे, त्याचा घरघराट कानठळ्या बसवणारा. तीन माणसं कामाला. तो पाठमोरा होता. केस मागून विरळ झाले आहेत. माझा पोरगा आणि केस विरळ.

मी काय काय बोलायचं ते रस्ताभर घोकलं होतं. त्याने वळून पाहिलं तेव्हा सगळं विसरले. तो जागचा हलला नाही. म्हणाला, "वखार कुणावर टाकून आलीस?"

"कुणावर नाही. बंद करून आले."

त्याचा चेहरा बदलला. म्हणाला, "बाबा गेल्याचं बाजारात कळलं. वखार चालू राहावी म्हणून तर मी माल पाठवत होतो."

मी म्हटलं, "आणि मी तुझ्यासाठी ती चालू ठेवत होते." दोघांनी दोन टोकांना बसून एकच फाटक उघडं धरून ठेवलं होतं, आणि आत-बाहेर कुणीच करत नव्हतं.

मग मी नाड्यांचं सांगितलं. साबण, गच्ची, एक लाल, एक पांढरा, सगळं. मध्ये रडले नाही, रडायचा हक्क त्याचा होता. त्या दिवशी खिडकीतून खाली आले नाही हे सांगितलं. शंका आली होती हेही सांगितलं. त्याने सगळं ऐकलं. हातातल्या तारेचं टोक आत-बाहेर करत होता.

"बाबांना कळलं होतं?"

"नाही. मलाच गेल्या आठवड्यात कळलं."

त्याने खाली बघत ते टोक दोनदा आत खोवलं. मला वाटलं, आता म्हणेल, जा. म्हणाला असता तरी मी गेले असते. मग वर बघून म्हणाला, "आई, हे मोठ्याने म्हण."

मला आधी कळलं नाही. मग कळलं. ते सगळ्यांदेखत झालं होतं.

मी उभी राहिले. गुडघा दुखत होता. जमेल तेवढ्या मोठ्या आवाजात म्हटलं, "माझ्या मुलाने चोरी केली नव्हती." यंत्राच्या घरघराटात ते कुणालाच ऐकू गेलं नाही. माणसं आपापलं काम करत होती.

त्याने पुढे जाऊन यंत्र बंद केलं. तिघांनीही माना वर केल्या. शेडमध्ये एकदम शांत झालं, आणि मी पुन्हा पहिल्यापासून म्हटलं.